दोन आखूड, एक लांब

नमस्कार. या ग्रुपवर मी बरेच महिने नुसती वाचतेय. खरं सांगते, निम्म्या अनुभवांना मनातल्या मनात हसलेय. चिंचेखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... आमच्या घरात असलं काही चालत नाही. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच नवस, उतारे, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. सासरे रिटायर्ड शिक्षक. विहारात मुलांना अजून सांगतात, डोळे झाकून काही मानू नका. मीही त्यातलीच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी पांढरकवड्याला एका डेंटल सर्जनकडे असिस्टंट आहे. दर बुधवारी यवतमाळहून भूल देणाऱ्या मॅडम येतात, म्हणून मोठी कामं बुधवारी ठेवतो — अडकलेल्या अक्कलदाढा, जबड्यातल्या गाठी. आमच्या भागावर खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची कृपा आहे, कामाला तोटा नाही. माझं काम म्हणजे थुंकी ओढणारी सक्शनची नळी धरायची, हनुवटी वर ठेवायची, छाती हलते का बघायची. आणि पेशंटच्या तळहातात माझी दोन बोटं ठेवायची. आम्ही पूर्ण बेशुद्ध करत नाही, गुंगी देतो. तोंडात बोळे असल्यामुळे बोलता येत नाही. म्हणून मी आधीच सांगते, "दादा, मी विचारलं की बोट दाबा. दाबलं म्हणजे सगळं ठीक." दाबणं थांबलं की मी लगेच मॅडमना सांगते.

ही पद्धत मी घरीही नेली होती. माझे मिस्टर विलास... त्यांच्या गालाला कॅन्सर झाला. बायको दातांच्या दवाखान्यात आणि नवऱ्याच्या खिशात खर्रा, यावर मी आयुष्यभर भांडले, काही उपयोग झाला नाही. हळूहळू तोंड उघडणं बंद झालं, मग बोलणंही. तेव्हा आमची बोटांची भाषा ठरली. एकदा दाबलं की हो. दोनदा दाबलं की नको. तीनदा म्हणजे पाणी. पाण्याचं दाबणं त्यांचं खास होतं — दोन आखूड आणि तिसरं लांब, लहान पोरानं पदर ओढून धरावा तसं.

ऑपरेशन नागपूरला होतं. मे महिना. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, कारण गुंगीत पोटातलं वर आलं आणि श्वासनळीत गेलं तर माणूस हातचा जातो. हे मी दर आठवड्याला बुधवारच्या पेशंटना समजावून सांगते. यांचा नंबर सकाळचा होता, पण आधीची केस लांबली. आता नेतील, मग नेतील असं करत दुपार झाली. ओठांची सालं निघत होती. माझी बोटं त्यांच्या मुठीत, आणि सारखं तेच चाललेलं. दोन आखूड, एक लांब. मी कापूस ओला करून ओठांवरून फिरवला. आणि कानाशी म्हणाले, "आता नाही. ऑपरेशन झाल्यावर."

त्यांना आत नेलं. ते शुद्धीवर आलेच नाहीत. हार्ट आधीच थकलेलं होतं, सगळ्यांनी सगळं केलं, मी कुणाला दोष देत नाही. मीही नियमानं वागले. उद्या पुन्हा तीच वेळ आली तरी तसंच वागेन. पण म्हणून बरं वाटत नाही. आमच्यात शेवटचं पाणी वगैरे काही मानत नाहीत, पण तहान तर सगळ्यांना सारखीच लागते ना...

आता त्या बुधवारचं सांगते.

मुकुटबनकडचा एक पेशंट होता, चाळिशीचा, जबड्यात गाठ. बायको सोबत आली होती. मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर नाही, बीपी नाही. काही खाल्लंय का? "नाही जी, उपाशीच हाओ." मी हत्यारं लावत होते, तेवढ्यात बायकोनंच त्याला खुर्चीवर नीट झोपवून दिलं. हिरवी चादर घातली. डाव्या हाताला सलाइन आणि ऑक्सिजन मोजायची चिमटी. मी उजव्या बाजूला बसले, चादरीखाली हात घातला आणि दोन बोटं त्याच्या तळव्यात ठेवली. हात गार लागला. घाबरलेल्या माणसाचे हात गारच असतात, मला त्यात काही वाटलं नाही.

मॅडमनी सिरिंज सलाइनच्या नळीला लावली. अजून औषध आत गेलं नव्हतं, बोट दाबायचंही मी त्याला सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आणि माझ्या बोटांवर दाब आला.

आखूड. आखूड. आणि मग लांब, धरून ठेवलेला.

दवाखान्यात कुणी तीनदा दाबत नाही. मी कुणाला तसं शिकवलेलंच नाही. ते आमच्या घरातलं होतं, आम्हा दोघांतलं. मला विचार करायला वेळच मिळाला नाही, तोंडातून आपोआप गेलं — "आता नाही. ऑपरेशन झाल्यावर पाणी देईन."

पेशंटनं डोळे उघडले. "पानी कायले, ताई? म्या मांगतलं नाही. उलट सकाळचा चहा-पोळी वर येऊन राह्यली."

मॅडमचा हात जागीच थांबला. "तुम्ही उपाशी आहात म्हणालात ना?"

"मंग उपाशीच हाओ ना जी. जेवन कुठी केलं? चहा-पोळीच तं खाल्ली फक्त."

आमच्याकडे हे नेहमीचंच. वरण-भात पोटात गेला तरच जेवण, बाकी सगळं म्हणजे उपाशी. मॅडमनी सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली. आमचे डॉक्टर सर रागावले, मग खुर्चीवर बसून राहिले. औषध गेलं असतं आणि ती पोळी वर आली असती तर काय झालं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. केस रद्द केली. पुढच्या बुधवारी या, पाणीसुद्धा न घेता या, असं सांगितलं.

बायको त्याला उठवायला आली. तिनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. एखादी वस्तू ठेवावी तसा.

मी विचारलं, "हाताला काय झालंय यांच्या?"

"लुळा हाये ना तो. गाडीवरून पडले तवापासून जीवच नाही त्याच्यात. डाक्टरीनबाईनं साखर-बीपीचंच इचारलं, हाताचं कोनी इचारलंच नाही."

"अजिबात हलत नाही?"

"सुई टोचली तरी समजत नाही, ताई. काहून?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सरांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, तुटलेल्या नसांमध्ये कधीकधी थरथर होते, स्नायू आपोआप आकसतात. असेलही. पण थरथर मला कळते, माझा रोजचा धंदा आहे. पुढच्या बुधवारी तो पेशंट पुन्हा आला, खरोखर उपाशी आला, काम छान झालं. पूर्ण वेळ मी तोच हात धरून होते. काही नाही. भिजलेल्या कापडासारखा पडून होता.

मैत्रीण म्हणते, विलासभाऊंनी त्या माणसाला वाचवलं, तुला सावध केलं. असं मानलं असतं तर किती बरं झालं असतं. पण सावध करायचं असतं तर त्यांनी दोनदा दाबलं असतं. नको म्हणायला आमच्याकडे दोनदा होतं. त्यांनी तीनदा दाबलं. ते फक्त पाणी मागत होते. म्हणजे ते जिथे कुठे असतील तिथे अजून तहानलेलेच आहेत, आणि मी दुसऱ्यांदाही तेच सांगितलं... आता नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्या पलंगाशी स्टीलचा पेला भरून ठेवते. चोरून ठेवत होते. एकदा सासऱ्यांनी पाहिलं. "हे पानी कोनासाठी ठेवून राह्यली वं बाई?"

"मलाच लागतं, मामाजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, आता विहारातलं भाषण सुरू होईल. पण ते चप्पल घालून बाहेर गेले.

परवा दवाखान्यातून यायला उशीर झाला. घाईघाईनं पेला भरायला गेले तर तो आधीच भरलेला होता, काठोकाठ, वर झाकणही ठेवलेलं. मामाजी बाहेर ओट्यावर पाठ करून बसले होते.

त्या हातानं माझं बोट कसं दाबलं, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. मी आणि मामाजी मात्र रोज सकाळी झाकण काढून बघतो, आणि पाणी तेवढंच असतं.