गाडीच्या मास्तरांचं मौन

अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना त्यांच्या सख्ख्या लेकीने आपल्या गाडीत बसायला मनाई केली होती. त्यात चूक लेकीची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. त्यांच्या शिकाऊ गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. शिकणारा चुकायच्या आत मास्तरांचा पाय दाबला गेलेला असे, आणि पायाच्याही आधी तोंड सुटलेलं असे. "आरसा बघा. केस विंचरायला नाही दिलाय तो! क्लच हळू. अहो, हळू म्हणजे हळू!" मास्तर हाडाचे शिक्षक, आणि हाड काही संध्याकाळी घरी आल्यावर काढून खुंटीला टांगता येत नाही. भाजी चिरणाऱ्या बायकोला ते "सावकाश, बोट सांभाळ" म्हणत. टीव्हीवरच्या सिनेमातल्या खलनायकालासुद्धा "अरे, वळताना हात तरी दाखव" म्हणून दरडावत. बायकोने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायची कला लग्नानंतर लवकरच आत्मसात केली होती.

लेकीला ती साधली नाही. तिने गुपचूप दुसऱ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन्स काढलं. शिंप्याच्या मुलीने तयार कपडे घ्यावेत तसा हा प्रकार. मास्तरांनी तोही गिळला. पण मग लेकीने स्वतःच्या पगारातून एक जुनी गाडी घेतली, आणि मोठ्या मनाने पहिल्यांदा बापालाच शेजारी बसवलं. पहिल्याच चौकात डावीकडून एक टेम्पो आला. लेकीला तो दिसला होता. मास्तरांनी "ब्रेऽऽक!" म्हणून आरोळी ठोकली, पाय दाबला, पायाखाली काहीच लागलं नाही, तेव्हा त्यांनी सरळ हँडब्रेक खेचला.

गाडी चौकाच्या मधोमध तिरकी होऊन बंद पडली. लेक उतरली आणि किल्ली मुठीत धरून चालत घरी गेली. मास्तर बिनकिल्लीच्या गाडीत बसून राहिले. चहूबाजूंनी हॉर्न वाजत होते, आणि वाजवणाऱ्यांतले निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते.

"बाबा, यापुढे माझ्या गाडीत आई बसेल, शेजारचे बसतील, तुम्ही नाही," लेकीने संध्याकाळी सांगितलं. ओरडली असती तर मास्तरांनी उलट ओरडून हिशेब मिटवला असता. ती शांतपणे बोलली, म्हणून हिशेब उघडाच राहिला. लेक पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला जाणार होती. तिचं येणं-जाणं, आईला घेऊन जाणं, आणून सोडणं, सगळं त्याच गाडीतून होणार. आपल्याला तिथे जागा नसली तर एकुलती एक लेक यापुढे आपल्या वाट्याला येणार तरी किती, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उपाय बायकोने काढला. टेकडीवर एक निवांत घर होतं. तिथे शनिवार-रविवार राहायचं, योगासनं करायची, मौन पाळायचं आणि एकट्याने स्वतःच्या आत डोकावायचं.

"आत काय बघायचंय?" मास्तर म्हणाले.

"काही दिसलं तर सांगा," बायको म्हणाली. "नाहीतरी तिथे बोलायला बंदीच आहे."

लेकीने आढेवेढे घेत कबूल केलं. रविवारी ती न्यायला येणार होती. वाटेत बाबांनी शिकवणी घेतली नाही, तर पुढचं पुढे बघू.

"आणि चुकून निघालं काही तोंडातून?" मास्तरांनी विचारलं.

"तर जिथे निघेल तिथे उतरायचं आणि बसने यायचं."

टेकडीवरच्या घरात मास्तरांना पांढऱ्या भिंतींची एक खोली मिळाली. एक खाट, एक खिडकी, पाण्याचा तांब्या आणि बोलायला कोणी नाही. योग शिकवणाऱ्या ताई इतक्या हळू आवाजात बोलत की मास्तरांना वाटलं, यांच्या हाताखालचे विद्यार्थी पहिल्या गिअरमधून बाहेर कधी येणार? शेजारच्या चटईवर एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. एका पायावर उभं राहायचं आसन आलं. बाई डुगडुगल्या की मास्तरांचा वर उचललेला उजवा पाय धाडकन जमिनीवर येई. बाई सावरत, मास्तर पुन्हा पाय उचलत, बाई पुन्हा डुगडुगत. शेवटपर्यंत मास्तरांचं आसन काही झालं नाही, पण बाईंचा अपघात टळला या समाधानात ते होते.

दुपारी बागेतून एकामागून एक, पावलाकडे लक्ष देत चालायचं होतं. मास्तर जबाबदार दिसतात म्हणून ताईंनी त्यांना सगळ्यांच्या पुढे ठेवलं. पायवाट जिथे दुसऱ्या वाटेला मिळत होती तिथे मास्तर थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मागच्यांसाठी हात आडवा धरला. पण मागच्यांच्या नजरा आपापल्या पायांवर होत्या. डॉक्टरीणबाई मास्तरांवर, त्यांच्यामागचे गृहस्थ बाईंवर, अशी सगळी ध्यानस्थ रांग एकमेकांवर येऊन आदळली. तिकडून माळी ढकलगाडी घेऊन येत होता. मास्तरांनी त्याला अदबीने पुढे जाऊ दिलं, आणि मग रांगेला चला म्हणून खूण केली. मौन अजिबात मोडलं नव्हतं. ताई मात्र पदर तोंडावर धरून बराच वेळ झाडाकडे बघत उभ्या होत्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी मास्तरांना सगळ्यात मागे घेतलं. समोरून काय येतंय ते दिसेना, त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला.

रविवारी सकाळी प्रत्येकाने बागेत एकट्याने बसायचं होतं. "मला कसली भीती वाटते, एवढंच स्वतःला विचारा," ताईंनी सांगितलं. मास्तरांना रागच आला. शिकाऊ माणसाच्या हाती जीव देऊन ज्याने उभी हयात काढली, त्याला हा प्रश्न! पण भांडायला समोर कोणी नव्हतं. बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस फार तर किती वेळ रागावणार?

मग त्यांना आठवलं. लेक दुसऱ्या स्कूलमध्ये जायच्या आधी थोडे दिवस त्यांच्याच गाडीवर शिकत होती. एकदा समोरून एक म्हातारे आजोबा रस्ता ओलांडत होते. गाडी त्यांच्यापासून बरीच अलीकडे, अगदी अलगद थांबली. लेकीने उजळ चेहऱ्याने विचारलं, "बाबा, मी थांबवली की तुम्ही?" मास्तर म्हणाले होते, "मी."

खरं म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. दोघांनीही ब्रेक दाबला होता, आणि मास्तरांचा पाय तर ती चुकली म्हणून नव्हे, ते स्वतः घाबरले होते म्हणून दाबला गेला होता. परक्या पोरांच्या शेजारी त्यांना कधी भीती वाटली नाही. ही शेजारी बसली की त्यांचा पाय ब्रेकवरून हलतच नसे. थांबवली असेल तिनेच. बाकावर बसून मास्तरांना रडू आलं. त्यांनी रुमाल काढला आणि नाक इतक्या जोरात शिंकरलं की लांबच्या बाकावरच्या डॉक्टरीणबाईंचं ध्यान मोडलं.

संध्याकाळी लेक आली. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते. "बसा. पट्टा लावा," ती म्हणाली. मास्तर बसले. त्या दिवशी गाडी तूच थांबवलीस, हे तिला सांगणं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तोंड उघडलं की ते बोलणं ब्रेकच्याच विषयाचं निघणार, आणि ती पुढचं ऐकायच्या आतच गाडी बाजूला घेणार. सुरुवात कशी करावी हे ते मनात जुळवू लागले. उताराचं पहिलं वळण लेकीने जरा जोरात घेतलं. मास्तरांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. एका गच्चीवर कोणीतरी वाळलेल्या चादरी गोळा करत होतं. गाडी शिकवायला लागल्यापासून त्यांनी रस्त्याच्या कडेची गच्ची अशी कधी बघितलीच नव्हती. शब्द जुळवता जुळवता त्यांनी डोळे जरा मिटले.

उघडले तेव्हा गाडी घराखाली उभी होती. इंजिन बंद होतं. लेक पट्टा न सोडता तशीच शेजारी बसली होती.

"आलो?" मास्तर दचकले. "कधी?"

"झाला की बराच वेळ."

"मग उठवायचं नाही का?"

लेकीने आरशातून मागे बघितलं. वरच्या खिडकीतून बायको डोकावून बघत होती. गाडी फुटपाथपासून हातभर लांब आणि तिरकी लागली होती, मागचं चाक तर रस्त्यातच होतं. हे लेकीलाही दिसत होतं. तिने एक मोठा श्वास घेतला.

"सांगा," ती म्हणाली. "काय काय चुकलं?"

"मला काय विचारतेस?" मास्तर म्हणाले. "मी झोपलो होतो."