हॉलच्या आत काय होतं

डायलिसिससाठी आईला चार-चार तास पडून राहावं लागायचं, आठवड्यातून तीनदा. शाळेतून अर्धी रजा टाकून मी तिच्याजवळ बसायचे. पहिल्या महिन्यातच आमचं बोलणं संपलं. मग मी तिला मोबाइलवर जगभरातल्या फ्रीमेसन लोकांच्या इमारती दाखवायला लागले. सिल्वासात एका आजारी बाईला दाखवायला दुसरं काही सापडलं नाही का, असं कुणीही विचारेल. पण आईला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

घाटावरच्या एका छावणीच्या गावात फ्रीमेसन मंडळींचा, म्हणजे बड्या साहेबलोकांच्या एका जुन्या गुप्त संघटनेचा, हॉल होता आणि माझे वडील तिथे तीस वर्षं रखवालदार होते. ही मंडळी महिन्यातून एकदा सूट घालून यायची, दारं लावून सभा घ्यायची आणि मग बाहेरच्या खोलीत जेवायची. बायकांना आत मज्जाव. गावात त्या हॉलला भूतबंगला म्हणत. त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सभेचे पांढरे हातमोजे आई धुवायची. लोकांच्या दोरीवर कपडे वाळायचे, आमच्या दोरीवर हात. जेवणाच्या खोलीतली पितळी भांडी तीच घासायची, पडदे फाटले तर तीच शिवायची. पण मधलं मोठं दार ओलांडून ती कधीच आत गेली नाही. तिथलं झाडणं-पुसणं सगळं बाबांकडे.

"आत काय हाय वो?" ती विचारायची.

"ते सांगायचं नसतं," बाबा म्हणायचे. काळ्या दगडावरची रेघ.

मी चौथीत असताना ती एकदा स्टुलावर चढून खिडकीच्या फटीतून बघायला गेली. पडद्याशिवाय काही दिसलं नाही, पण बाबांनी महिनाभर अबोला धरला. मला बाबांचा तेव्हापासून राग आहे, आणि माझा राग लवकर जात नाही. आईला मात्र त्या अबोल्याचाही अभिमान. शेजारणींना सांगायची, आमच्यांना शपथ घातलेली हाय, मान कापली तरी बोलायचे नाहीत. साहेबलोकांनी आपल्या नवऱ्यावर एवढा भरवसा टाकलाय, हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बाबा निवृत्त झाले, त्या खोल्या सोडाव्या लागल्या, आणि दोघं सिल्वासात, आमली भागातल्या माझ्या फ्लॅटवर राहायला आली. मी इथल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवते, एकटी असते. दोन वर्षांत आईच्या किडन्या गेल्या.

तर त्या इमारती. लंडनची दाखवली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची दगडी, अवाढव्य, वर मनोरा, आत ब्राँझची दारं. आई म्हणाली, "दारं उघडायलाच चार मानसं ठिवली असतील." फिलाडेल्फियाच्या इमारतीत प्रत्येक दालन वेगळ्या देशाच्या धाटणीचं आहे. इजिप्तच्या दालनातले रंगवलेले खांब बघून ती म्हणाली, "जळमटं कशी काढत असतील गं?" डेट्रॉइटच्या इमारतीत हजारावर खोल्या आहेत म्हटल्यावर तिला हसू आवरेना. "तुझ्या बाबांचा जीव गेला असता झाडून झाडून." हवानाच्या इमारतीच्या गच्चीवर पृथ्वीचा मोठा गोल बसवलाय. तो तिला पाण्याची टाकी वाटला. दाखवायला म्हणून तिने सुई लावलेला हात उचलला, तसा मशीन सांभाळणारा गुजराती मुलगा ओरडला, "बा, हाथ सीधो राखजो!"

चांगली हसायची ती. मग थकायची आणि म्हणायची, "हे ऱ्हाऊ दे. आपला दाखव."

आपला कुठून दाखवू? खूप शोधल्यावर एकच फोटो मिळाला, कुणीतरी रस्त्यावरून काढलेला. दार बंद. आईने तो बराच वेळ बघितला. "ही पायरी मी धुतलीय," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बाबांना धारेवर धरलं. ते गॅलरीत खडोलीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या बघत बसले होते. त्यांच्यासमोर मोबाइल धरला. "बघा, लंडनला आता कुणीही आत जातं. बायका जातात. आत दुकान आहे, वस्तू विकतात. फिलाडेल्फियाला तिकीट काढून गाईड आतून फिरवून आणतो. तुमचं गुपित चव्हाट्यावर आलंय, बाबा. फक्त तुमच्या बायकोला माहीत नाही."

"त्यांचं त्यांच्यापाशी," ते म्हणाले आणि पुन्हा बसगाड्या बघायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हॉस्पिटलात ते प्रत्येक वेळी यायचे, पण डायलिसिसच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. दाराबाहेरच्या बाकावर ताठ बसायचे, कुणी आत जायला आलं की उठून उभे राहायचे. सवय. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता शरीर साथ देत नाही, काय बोलायचं ते बोलून घ्या. मी बाबांना हाताला धरून आत आणलं.

आईचा आवाज फार बारीक झाला होता. "अहो, आता तरी सांगा. मी कुनाला सांगनार हाय?"

बाबांनी खाली बघितलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. मी मनात हात जोडले होते, खरंच.

"सांगायचं नसतं," ते म्हणाले.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तशीच माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, किती पक्के हायेत." मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

शनिवारी दुपारी घरीच ती गेली.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. आम्ही दोघंच जेवायला बसलो. बाबांनी एक घास घेतला आणि हात थांबवला. मला कळवळा यायला हवा होता, पण डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "एवढी कसली शपथ होती? कुणी घातली होती?"

"कुनी नाय," ते म्हणाले.

मला वाटलं, टाळताहेत. पण ते ताटाकडे बघत बोलत राहिले. "शपथ त्यांची त्यांच्यात व्हती. मला कुनी घातलीच नाय. पयल्या वर्षी वाट बघितली. वाटलं, कुनी तरी बोलावून सांगंल, बाबा रे, भाईर बोलू नको. कुनी बोललं नाय. मी आत खुर्च्या लावत असायचो आन ते माझ्यासमोर समदं बोलायचे, आवाजसुदिक खाली करायचे नाय. मी हाय का नाय, त्यांना सारखंच."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"तिला वाटायचं, माझ्यावर लई भरवसा टाकलाय. चार बायांत सांगायची. तिला द्यायला माझ्याकडं तेवढंच व्हतं." मग म्हणाले, "आतलं सांगितलं असतं, तर शपथ नव्हती हे बी कळलं असतं. म्हनली असती, मंग कुनी इचारलंच नाय का तुम्हाला?"

तीस वर्षं मी ज्या माणसावर दात ओठ खाल्ले, तो समोर उष्ट्या हाताने बसला होता.

मग त्यांनी मान वर केली. "आत ना," ते म्हणाले, "मधोमध काळी-पांढरी फरशी व्हती. चौकटीचौकटीची. आन समोर..."

"नको," मी ओरडले. "मला नका सांगू."

ते उठले. ताट उचलून मोरीत ठेवून आले आणि गॅलरीत जाऊन बसले.

त्याला आता वर्ष होत आलं. आईला जे शेवटपर्यंत कळलं नाही, ते मला कळावं, हे मला सहन झालं नसतं. पण रोज शाळेतून येते, बाबांना गॅलरीत पाठमोरे बसलेले बघते आणि वाटतं, ऐकून घ्यायला हवं होतं. त्यांनी जन्मात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मध्ये दोनदा मीच विचारलं, "बाबा, समोर काय होतं?"

"ते सांगायचं नसतं," ते म्हणतात.