हळू म्हणायची तकबीर

ज्या माणसानं माझ्या अब्बांची तकबीर बंद केली, तो माणूस काल आमच्या गावी, कुंडलला, वारला.

दाऊदचाचा. नव्वदी पार केली होती. सकाळपासून मोबाइलवर त्यांचा पांढऱ्या टोपीतला फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, "गावाचा आवाज हरपला."

गावाचा आवाज.

हे वाचलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. म्हणून लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. पण खोटं तरी का बोलावं?

गोष्ट साठच्या दशकातली. मी परकरातली पोर.

अब्बा पिंजारी. गावच्या गाद्या, रजया तेच पिंजायचे. चाचा तेव्हा मशिदीत बांग द्यायचे आणि आम्हा पोरींना कुराण शिकवायचे. दोघं एकाच तालमीत वाढलेले. घरात आमची दखनी, पण हे दोघं एकमेकांशी कायम गावच्या मराठीतच बोलायचे.

ईदच्या सकाळी सगळे पुरुष ओढ्यापलीकडच्या ईदगाहला नमाजीसाठी चालत जायचे. जाताना तकबीर म्हणायची, म्हणजे अल्लाहची थोरवी गायची. पुढे अब्बा. त्यांनी "अल्लाहु अकबर" उचललं की मागून अख्खी रांग. रांग मुद्दाम आमच्या गल्लीतून जायची, कारण बायका ईदगाहला जात नसत. दारातूनच ऐकायच्या आणि ओठातल्या ओठात म्हणायच्या. आमची ईद तीच.

आता धर्माचा मसला असा. बकरी ईदला तकबीर मोठ्यानं म्हणायची, त्यात वाद नाही. रमजान ईदच्या वाटेवर मात्र आमच्या पंथाचे मोठे इमाम हळू म्हणा सांगतात, आणि त्यांचेच शागीर्द मोठ्यानं चालतं म्हणतात. दोन्ही किताबात आहे.

अब्बांना अरबी वाचता यायचं नाही. म्हणून त्यांनी चाचांना विचारलं होतं. आमच्याच घरात, मी समोर बसलेली.

"दावद, चुकत तर न्हाई न्हवं मी?"

"न्हाई रं. दोनी बाजूनं आधार हाय. बायामाणसांच्या कानावर जाऊ दे की. तू बिनघोर म्हण. कुणी इचारलंच तर मी हाय."

मी हाय.

त्या वर्षी रमजान ईदला बाहेरगावचे एक मौलवी आले होते. रांग आमच्या दारासमोर आली, अब्बांचा आवाज ऐन भरात, आणि मौलवींनी हात वर केला. रांग थांबली.

"ये शोर किसने सिखाया तुमको?"

अब्बा घाबरले नाहीत. त्यांनी फक्त शेजारी पाहिलं. शेजारी चाचा होते.

चाचा मौलवींकडे बघून म्हणाले, "मैं तो कबसे बोल रहा हूँ इसको, आहिस्ता बोल. सुनताच नहीं."

मग अब्बांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत: "किती डाव सांगितलं रं तुला?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तेव्हा दारात उभी राहून पाहिलं. अम्मानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

अब्बा "तूच सांगितलंस की" एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण भर रस्त्यात दोस्ताला खोटं पाडायचं त्यांना जमलं नाही. ते बाजूला झाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

नंतर कळलं, मशिदीला नवा पेशइमाम, म्हणजे नमाज पढवणारा, नेमायचा होता आणि कुणाला नेमायचं ते त्या मौलवींच्या शब्दावर ठरणार होतं.

चाचा पेशइमाम झाले.

पुढं बकरी ईद आली. आता तर मोठ्यानंच म्हणायची. रांग गल्लीत आली, पण पुढून आवाज उचलायला कुणीच नव्हतं. आमच्या समोरचे रिटायर्ड सुभेदार आबा कट्ट्यावरून म्हणाले, "पिंजारी, आज आवाज न्हाई व्हय? तुमची ईद हाय हे आमाला कळायचं कसं?"

"घसा बसलाय, आवं," अब्बा म्हणाले.

संध्याकाळी चाचा घरी आले. बसले नाहीत.

"गड्या, आजची तकबीर मोठ्यानंच हाय. नमाजीनंतर तर वाजिबच हाय, सोडून चालत न्हाई."

"सोडली कुठं? म्हणतोय की. हळू म्हण म्हणालास, हळू म्हणतोय."

चाचा आले तसे गेले. त्यांनी माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधीच नाही.

अब्बा प्रत्येक ईदला गेले, रांगेच्या शेवटी. ओठ हलायचे. अम्मा दारात उभी राहून ते ओठच बघायची.

माझा निकाह चाचांनीच लावला. गावात दुसरं होतंच कोण? निकाहचा वकील आणि साक्षीदार घेऊन ते माझ्याजवळ आले, कबूल आहे का विचारलं. मी म्हणाले, "कबूल."

"मोठ्यानं म्हण बेटी. ऐकू यायला पाहिजे."

"आमच्या घरात हळूच म्हणतात, चाचा."

त्यांनी मान खाली घातली. पुन्हा विचारलं नाही.

अब्बा गेले तेव्हा जनाज्याची नमाजही चाचांनीच पढवली. त्या नमाजीत चार तकबीर असतात. मशीद आमच्या घरामागंच, चारही तकबीर दारापर्यंत आल्या. खणखणीत. एवढा आवाज होता या माणसात. मग त्या ईदला कुठं गेला होता?

चाचा, तुम्ही मला कुराण वाचायला शिकवलंत. ते ऋण आहेच. आज असरच्या नमाजीनंतर तुमच्यासाठी फातिहा पढले.

अब्बांनी तुम्हाला माफ केलं होतं की नाही, मला माहीत नाही. केलं असलंच तर हळू म्हणाले असतील.

अल्लाह तुमची मगफिरत करो, तुम्हाला माफी देवो. जा आता.