पहिला बार

"सामने आकर बोलिए," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. काशीच्या दालमंडीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दुकानात तुम्ही बाजूने शिरून नमस्कार केलात, तर ते मान वर करत नसत. आमच्या बालाजी घाटावरच्या मराठी मंडळींनी म्हणूनच त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं. मीही त्यांतलाच.

इंग्रजांचं राज्य होतं, बंदुकीला परवाना लागे. कचेरीतल्या साहेबाने बाबांना बजावलं होतं, की दसऱ्याच्या आत घरातली ठासणीची दुनळी बंदूक उडवून दाखवा, नाही तर ती सरकारजमा होईल. पणजोबा ती खांद्यावर टाकून पुण्याहून काशीला आले होते. पुण्याची म्हणून घरात तेवढी एकच वस्तू उरली होती. ती गेली असती तर बाबा खचले असते.

मिस्त्रींनी नळ्यांची जोडी सुटी करून खुंटीवरून दोरीने टांगली. दोरीचं टोक दातांत धरलं, लाकडी हातोडीने एकेका नळीवर हलकेच ठोकलं आणि डोळे मिटून बसले.

"इसमें पानी कौन डालता है?"

बाबांनी अभिमानाने सांगितलं: दर खंडेनवमीला शस्त्रपूजेत प्रत्येक नळीत पळीभर गंगाजल, वर हळदकुंकू. तीन पिढ्यांत खंड नाही.

"पंडितजी, आप लोगों ने इसे पूज-पूजकर मार डाला."

बाबांचा चेहरा उतरला. मिस्त्रींच्या बोलण्यात कुचेष्टा मात्र नव्हती. पूजेतली वस्तू म्हणून ते हात धुतल्याशिवाय त्या बंदुकीला शिवत नसत, हे मी पुढे महिनाभर पाहिलं. गंजाबरोबर कुंकवाचे खडे निघाले, तेही त्यांनी कागदात बांधून दिले. "गंगाजी में छोड़ दीजिएगा."

उजवी नळी साफ झाली. डावी आतून पार खाल्ली गेली होती, ती त्यांनी शिसं ओतून बुजवली. बाबा हट्टाला पेटले. अर्धी बंदूक साहेबाला काय दाखवायची?

"जो नली मैं खुद नहीं दाग सकता, वह आपको नहीं दूँगा."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक बंदुकीचा पहिला बार स्वतःच्या खांद्यावरून काढायचा, हा त्यांचा नेम. मग डावी मोकळी करून, बंदूक खाटेला बांधून लांबून उडवा, असं बाबांनी काकुळतीने सुचवलं. ते नुसते हसले.

गंगेपलीकडच्या वाळूत त्यांनी बार काढला. पाखरं उठली, धूर विरला. मी मागून ओरडलो, "मिस्त्रीजी, बन गई." ते वळले नाहीत. पुन्हा ओरडलो, तरी नाहीत. मग सावकाश वळून माझ्या ओठांकडे बघत त्यांनीच विचारलं, "आवाज़ साफ़ आई?"

तेव्हा उमगलं. जन्मभरातले सगळे पहिले बार त्या कानांनी सोसले होते. आता दोरीतून येणारी थरथर ऐकायला फक्त दात उरले होते. अशा माणसाला आपण शिष्ट म्हणत आलो, याची मला फार लाज वाटली.

साहेबाने एका नळीवर परवाना दिला. पुढच्या दसऱ्याआधी मिस्त्री वारले. दुकानाला कुलूप लागलं.

त्या खंडेनवमीला बाबांनी पळी बाजूला ठेवली. तेलाचं बोट बंदुकीवरून फिरवलं. मग नळ्या खुंटीला टांगल्या, दोरी दातांत धरली आणि हलकेच ठोकलं.

"ऐकू आलं?" मी समोर जाऊन विचारलं.

दोरी न सोडता त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा एकदा ठोकलं.