मुद्दाम नापास

बेंगळुरूच्या चामराजपेटमध्ये आमच्या घराखाली औषधांचं दुकान आहे. तिथला माणूस मला दर वेळी एकच विचारतो, "एवढी वर्षं फुटबॉल खेळलात, गोल किती मारले?" दोन. दहा वर्षांत दोन. ते ऐकून तो असा चेहरा करतो की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे बाबा, मी सेंटर बॅक होतो. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. गोल मारणं दुसऱ्यांचं काम, त्यांना ते मारू न देणं माझं. पण न झालेले गोल कोण मोजतंय? आता तर मी त्याच्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या घेतो आणि सरळ वर येतो.

मी वेगवान नव्हतो. माझ्या पहिल्याच प्रशिक्षकाने ते तोंडावर सांगितलं होतं. माझ्याकडे उंची होती आणि स्मरणशक्ती होती. कॉर्नरच्या वेळी कोण शर्ट ओढतो, कोण डावीकडे वळायच्या आधी मान खाली घालतो, कोण दमला की पंचांशी वाद उकरून काढतो, हे एकदा पाहिलं की माझ्या डोक्यात कायमचं बसायचं. लोक म्हणायचे, चेंडू कुठे येणार ते याला आधीच कळतं. कळत काही नव्हतं, आठवत होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, याचं सगळं श्रेय स्वतःकडे घ्यायचे. सरकारी कचेरीत जन्मभर फायली सांभाळलेला माणूस. कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे ते निवृत्त झाल्यावरही सांगायचे. पाहुण्यांसमोर माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचे, "हे माझं डोकं आलंय त्याला."

आणि याच डोक्याने मी रोज चेंडू ठोकायचो. सरावात, सामन्यात, सामन्याच्या आदल्या दिवशी. लांबून उंच आलेला चेंडू कपाळावर घ्यायचा आणि परत पाठवायचा, सेंटर बॅकचा निम्मा दिवस यातच जातो. समोरच्याचं कोपर, आपल्याच गोलकीपरची मूठ, हेही त्यात आलंच.

म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला क्लबमध्ये एक परीक्षा असते. संगणकासमोर बसवतात. पंधरा शब्द दाखवतात आणि थोड्या वेळाने विचारतात. आकडे उलटे म्हणायला लावतात, आकृत्या ओळखायला लावतात. जे गुण पडतील ते तुमचे नेहमीचे गुण म्हणून नोंदले जातात. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले तर तुम्हाला बाहेर बसवतात, दोन आठवडे, तीन, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात तुमच्या जागी दुसरा कोणी उभा राहिला आणि चांगला खेळला, तर तुमचं संपलंच समजा.

मी आधी खेळलो त्या क्लबात ही परीक्षा नव्हती. या क्लबमधल्या माझ्या पहिल्याच मोसमात आमच्या बचावफळीतल्या सर्वांत जुन्या खेळाडूने मला परीक्षेच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत बाजूला घेतलं. "पहिल्यांदाच नापास हो," तो म्हणाला. "म्हणजे पुढे कधी नापास होणार नाहीस." किती नापास व्हायचं तेही त्याने शिकवलं. फार वाईट केलंस तर संगणकाला संशय येतो. पंधरातले सहा-सात शब्द सांगायचे. आकडे उलटे म्हणताना चौथ्यावर अडखळायचं. बटण दाबायला जरा उशीर करायचा. त्याला वाटत होतं तो माझ्यावर उपकार करतोय. मलाही तसंच वाटलं. आज तो माणूस दुसऱ्या एका क्लबात प्रशिक्षक आहे आणि कोणाला काय शिकवत असेल या विचाराने मला तिडीक येते.

आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं, हे आधी सांगून टाकतो. फळ्यावरच्या बावीस खुणा एकदा बघून लक्षात ठेवणाऱ्या अर्ध्या संघाला पंधरा शब्द आठवत नाहीत, आणि क्लबमध्ये कोणालाही त्याचं नवल वाटत नाही! प्रशिक्षकाला नाही, व्यवस्थापकाला नाही. कागदावर सही पडली की झालं. मी पाच मोसम ही परीक्षा मुद्दाम बिघडवली. पंधराच्या पंधरा शब्द मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करतानाही आठवायचे.

शेवटच्या मोसमात क्लबमध्ये नवीन डॉक्टर आल्या. पुण्याच्या. वर्षभरापूर्वीच बेंगळुरूला येऊन एचएसआर लेआउटमध्ये राहत होत्या. परीक्षेच्या दिवशी मी बाहेर फोनवर माझ्या थोरल्या बहिणीशी, अक्काशी, बोलत होतो. "स्वल्प वेळ लागेल की अक्का, सरी, ठेव." आमच्या घरच्या मराठीत असं कन्नड मिसळलेलं असतं. फोन ठेवला तर या डॉक्टर दारात उभ्या राहून हसतायत.

"तुम्ही मराठी? आणि हे कुठलं मराठी?"

"आमचं," मी म्हणालो. "साडेतीनशे वर्षं इथे बोलतोय आम्ही. तुमचं कालचं."

माझा आवाज चढला होता. त्यांनी मनावर घेतलं नाही. उलट खूश झाल्या. दिवसभर हिंदी-इंग्रजीत बोलून तोंड दुखतं म्हणाल्या, क्लबमध्ये कोणीतरी घरचं बोलायला मिळालं. परीक्षा झाल्यावर गुण बघून मात्र थांबल्या. "काल झोप नव्हती झाली का? हे जरा लो वाटतंय."

"झाली होती. माझं पाठांतर पहिल्यापासून कच्चं."

त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या तोंडचं मराठी ऐकून लिहून घेतलं, असं मला आज वाटतं.

पुढे मोसमाच्या मध्यावर, एका मंगळवारी सरावात, कॉर्नर घ्यायला मी उडी मारली आणि आमचाच फॉरवर्ड मागून आला. त्याचं कपाळ माझ्या कानाच्या वर बसलं. मी पडलो नाही, हे मी तेव्हा अभिमानाने सांगत होतो. पण पुढची वीस मिनिटं मी दुसऱ्या संघाच्या मुलांना चेंडू देत होतो. दोन दिवस कपाळात ठोके पडत राहिले. घरात अण्णांनी दिवा लावला की मी डोळे मिटायचो. गुरुवारी परीक्षा झाली. या वेळी मात्र जीव तोडून केली. आठ शब्द सांगितले. नेहमीच्या माझ्या नोंदीपेक्षा एक जास्त.

प्रशिक्षक खोलीच्या दारातच येऊन थांबला होता. शनिवारी सामना होता. "डॉक्टर, खेल सकता है ना?"

डॉक्टर कागदाकडे बघत होत्या. आकड्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "खरं सांगा. डोकं दुखतंय? उजेडाचा त्रास होतोय? नुसतं हो म्हणा, बाकीचं मी बघते."

प्रशिक्षकाला एक अक्षर कळलं नव्हतं. त्या बाईने मला सगळ्यांच्या देखत एक सुरक्षित वाट काढून दिली होती. आणि मी, एवढा मोठा गडी, काय म्हणालो?

"काही नाही हो डॉक्टर. ठणठणीत आहे."

त्यांनी सही केली.

शनिवारचा सामना मला आठवत नाही. मी तो नंतर मोबाइलवर बघितला. त्यात एक फॉरवर्ड आहे, ज्याच्याविरुद्ध मी सहा वर्षं खेळलो. तो डावीकडे वळायच्या आधी मान खाली घालतो. तो मान खाली घालतो, डावीकडे वळतो, आणि मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखा उभा आहे. गोल होतो. पाच मिनिटांनी एक साधा उंच चेंडू येतो. मी तो कपाळावर घेतो आणि गुडघ्यांवर बसतो. मग आडवा होतो.

पुढचे कित्येक महिने पडदे ओढलेल्या खोलीत गेले. दूध तापत ठेवून मी विसरायचो. अक्काला फोन लावायचो आणि तिने उचलेपर्यंत का लावला ते विसरायचो. शब्द तोंडाशी येऊन थांबायचे. चिडचिड इतकी की एकदा पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला.

अण्णांनी मात्र गुन्हेगार शोधून ठेवला होता. "त्या डॉक्टरणीने पोराला मैदानावर पाठवलंच कसं?" ते क्लबच्या कार्यालयात जाऊन ओरडून आले. कचेरीतल्या सवयीप्रमाणे तीन पानी तक्रारही लिहिली. क्लबला तर हेच हवं होतं. त्यांनी हात झटकले, वैद्यकीय निर्णयात चूक झाल्याचं जाहीर केलं आणि डॉक्टरांना काढून टाकलं. दारात उभा राहून "खेल सकता है ना" विचारणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव कुठेही आलं नाही. त्याला पुढच्या मोसमासाठी कायम केलं. सगळं खापर एका बाईच्या सहीवर फुटलं आणि मी गप्प बसलो. डोकं दुखतंय, बोलवत नाही, असं म्हणून गप्प बसलो. त्या वेळी ते खरंही होतं, म्हणून ते जास्तच सोयीचं होतं.

वर्ष होत आलं तेव्हा क्लबने पुन्हा विचारणा केली. मोठ्या डॉक्टरांचा दाखला आणा, जागा आहे. मला खेळायचं होतं. दुसरं काही येतच नव्हतं मला. अक्का मला हेब्बाळला मेंदूच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी तीच परीक्षा घेतली. मग क्लबकडून आलेले माझे पाच मोसमांचे गुण शेजारी ठेवले आणि चष्मा काढून हसले.

"काँग्रॅच्युलेशन्स. तुम्ही तुमच्या नॉर्मलला परत आलात. थोडे वरच आहात. मी फिट लिहितो."

अक्काने माझा दंड दाबला. तिला रडू फुटत होतं. दहा वर्षांची असताना ती मला वर्गातल्या सगळ्यांचे हजेरीचे क्रमांक विचारायची आणि मी धडाधडा सांगायचो. तिला आनंद झाला होता. आणि मी त्या कागदाकडे बघत होतो. सही झाली असती, तर पुढच्या महिन्यात मी मैदानावर असतो.

"ते गुण खोटे आहेत," मी म्हणालो.

डॉक्टरांना वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय. मी पुन्हा सांगितलं. पाचही वर्षं मुद्दाम बिघडवली, सगळेच बिघडवतात, आजची मात्र खरी आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग तुमचे खरे गुण किती होते?"

कोणाला माहीत? मी स्वतःच ते कुठे ठेवले नव्हते. माझं काय गेलं आणि किती गेलं, हे आता जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. त्यांनी अनफिट लिहिलं. अक्काने गाडी काढली. घरासमोर उतरताना एवढंच म्हणाली, "आणि त्या बाईला अण्णा काय काय बोलले, तू ऐकत होतास की रे."

दुसऱ्या दिवशी मी एचएसआरला गेलो. एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर त्या डॉक्टर आता पाठदुखीचे आणि मानदुखीचे रुग्ण बघतात. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला मराठीत विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही खोटं बोलताय का, असं तेव्हा एकदा मनात आलं होतं. मग म्हटलं, आपल्याच भाषेत विचारलंय, कशाला बोलेल."

मला माझाच इतका राग आला की घाईघाईने बोलत सुटलो. मी क्लबला सांगेन, अण्णांना सांगेन, अण्णा माफी मागायला येतील, पेपरवाल्यांना बोलावतो, ज्याला त्याला सांगतो.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. "लिहून द्या. आत्ता, इथेच. वैद्यकीय परिषदेत माझी चौकशी अजून चालू आहे. आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला यातलं किती आठवेल, मी सांगू शकत नाही."

टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. पण त्या डॉक्टर म्हणून बोलत होत्या. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी बसलो आणि लिहायला लागलो. मंगळवारचा सराव, गुरुवारची परीक्षा, प्रशिक्षक दारात, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर. हे सगळं नीट आलं. मग शनिवारचा सामना आला आणि पेन थांबलं. त्या दिवशी आम्ही कोणाविरुद्ध खेळलो होतो ते मला आठवेना. मी कपाळ दाबून धरलं, डोळे मिटले.

शेवटी त्यांनाच विचारावं लागलं. त्यांनी संघाचं नाव सांगितलं आणि मी ते लिहिलं.