पुसलेल्या खडूच्या रेघा

मी ज्या घरात वाढलो तिथे तोंडावर बोलणं म्हणजेच प्रामाणिकपणा, अशी समजूत होती. लखनौत येऊन तीस वर्षं झाली, इथल्या संशोधन संस्थेतून मी निवृत्तही झालो, पण ती समजूत काही सुटली नाही. बायको म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. तिचं बहुतेक म्हणणं मी खोडून काढतो. हे एक खोडता येत नाही, कारण याच जिभेने मी एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हातातलं काम काढून घेतलं.

निमित्त माझ्या जुन्या पिकअपचं. ही गाडी पूर्वी संस्थेची होती. शहराबाहेरच्या बख्शी का तालाबच्या शेतांवरून रोपं आणि मातीचे नमुने आणायला उमेदीच्या काळात मी हिच्यातूनच जायचो. संस्थेने ती मोडीत काढली तेव्हा लिलावात मीच उचलली. लखनौतल्या महानगर वस्तीत, आमच्या गल्लीत, शेजारी अजून विचारतात, "अंकल, इसे बेचते क्यों नहीं?"

गेल्या हिवाळ्यात सिग्नलवरून गाडी उचलताना सीटखालून घरघर यायला लागली, आणि पाठोपाठ एक हिसका. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा शाफ्ट हिच्यात दोन तुकड्यांचा आहे. मधोमध त्याला तोलून धरायला रबरात बसवलेलं एक बेअरिंग असतं. इथले मेकॅनिक त्याला 'सेंटर बेरिंग' म्हणतात. त्याचं रबर फाटलं होतं आणि बेअरिंग हाताने हलवलं तरी खुळखुळत होतं.

वीस वर्षं ही गाडी सरोजिनी नगरमधल्या एकाच उस्तादांच्या हातात होती. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याची काच जाड, बोलणं इतकं मऊ की बोल्टसुद्धा विनंती करून सोडवतात की काय असं वाटावं. गॅरेजचा कारभार आता त्यांचा जावई पाहायचा. 'अब्बा, आता गाडीखाली जाणं बंद करा,' असं तो वर्षभर त्यांच्या मागे लागला होता. नवं बेअरिंग कानपूरहून आलं त्या दिवशी उस्तादांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "यह काम हम ख़ुद करेंगे साहब. ज़रा वह भी देख ले कि हमारे हाथ अभी चलते हैं."

म्हणजे त्या दिवशी काय पणाला लागलंय हे मला चांगलं माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

सकाळी त्यांनी शाफ्ट खाली उतरवला. माझी मुलगी बंगळूरला असते. तिचं लहानपण या गाडीच्या हौद्यात गेलं, म्हणून तिला पाठवायला मी प्रत्येक पायरीचे फोटो काढत होतो. उस्तादांनी शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले, जुनं बेअरिंग पुलरने ओढून काढलं आणि ते दुपारच्या नमाजाला गेले. जावई दुसऱ्या गाडीत गुंतला होता. मी एकटाच त्या काळ्याकुट्ट शाफ्टसमोर बसलो होतो.

माझे हात शिवशिवायला लागले. आमच्या प्रयोगशाळेत मळकी वस्तू टेबलावर ठेवायची कुणाची हिंमत नव्हती, आणि घरी आईचाही तोच खाक्या होता. मी रॉकेल मागून घेतलं, चिंध्या घेतल्या आणि दोन्ही तुकडे घासून लख्ख केले. कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता दुसऱ्याचं काम नीटनेटकं करून द्यायची आम्हाला भारी हौस.

उस्ताद परत आले. खाली वाकून त्यांनी शाफ्टवरून बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली. मग माझ्याकडे बघून हसले. "अरे वाह साहब, आपने तो इसे दुल्हन बना दिया." मी खूश झालो. त्यांनी नवं बेअरिंग बसवलं, दोन तुकड्यांच्या खाचा एकमेकींत सरकवायला घेतल्या. एकदा सरकवून पुन्हा बाहेर काढल्या, चष्मा पुसला, डोळे बारीक करून पाहिलं आणि पुन्हा सरकवल्या. एवढा वेळ का लागतोय म्हणून मी मनातल्या मनात चरफडत होतो.

कानपूर रोडवर गाडी काढली. वेग धरला तशी आधीची घरघर परवडली असं वाटायला लागलं. स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी वळवून मी गॅरेजच्या दारात उभी केली आणि जावयासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं. शेवटचं वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "आँखें साथ नहीं देतीं तो काम हाथ में लेते क्यों हैं?"

उस्तादांनी मान खाली घातली. "ग़लती हमारी ही है साहब. माफ़ कर दीजिए."

मी ते शब्दशः घेतलं. आमच्याकडे माणूस चूक माझी म्हणतो तेव्हा चूक त्याची असते. जावयानेही शब्दशः घेतलं, कारण त्याला तेच ऐकायचं होतं. त्याने स्वतः शाफ्ट उतरवला, एक तुकडा एक खाच फिरवून बसवला. अर्ध्या तासात गाडी लोण्यासारखी चालायला लागली. मी त्याची पाठ थोपटली, उस्तादांच्या देखत.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. मी पाठवलेले फोटो ती निवांतपणे बघत होती. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. म्हणाली, "बाबा, यह चॉक की लाइनें किसलिए लगाई थीं? अगली फोटो में तो हैं ही नहीं."

मी फोटो मोठा करून पाहिला. काळ्या शाफ्टवर, दोन तुकड्यांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूची एकेक रेघ, अगदी समोरासमोर. वेगळे करण्याआधी कोणती खाच कुठे होती याची खूण; एक खाच जरी चुकली तरी शाफ्टचा तोल जातो आणि गाडी थरथरते. पुढच्या फोटोत शाफ्ट चकाकतोय आणि रेघा नाहीत. ती बोटं शाफ्टवर काय शोधत होती ते मला तेव्हा कळलं. खुणा गेल्यात आणि त्या मीच घालवल्यात हे त्यांना पहिल्याच क्षणी समजलं होतं. मला ओशाळवाणं वाटू नये म्हणून ते दुल्हन म्हणाले आणि त्या जाड काचेतून नुसत्या नजरेने खाच जुळवायला बसले. एका खाचेने चुकले. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सरोजिनी नगर गाठलं. उस्ताद पुढच्या टेबलापाशी बसले होते. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, समोर फोन आणि वही. हातांना वंगणाचा डाग नव्हता. त्यांना मी कधी असं स्वच्छ पाहिलं नव्हतं, आणि ते बघवेना. जावई एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी मध्येच शिरलो आणि सगळं सांगितलं. रॉकेल, चिंध्या, रेघा. फोन पुढे करून दोन्ही फोटो दाखवले. म्हटलं, "अब्बा की कोई ग़लती नहीं थी. मेरी थी."

त्याने फोटो पाहिल्यासारखं केलं, छातीवर हात ठेवला आणि फोन अदबीने परत दिला. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, "देखिए, इसे कहते हैं तहज़ीब. अब्बा का क़ुसूर अपने सर ले रहे हैं. अंकल, अब तो आप पक्के लखनवी हो गए."

गिऱ्हाइकाने कौतुकाने मान डोलावली. मी आवाज चढवला, सच बोल रहा हूँ म्हणून अक्षरशः ओरडलो. दोघंही आणखीच गोड हसले. आयुष्यभर खरं बोलण्याचा तोरा मिरवला, आणि जिथे ते खरं कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं तिथे ते शिष्टाचारात जमा झालं. मी उस्तादांकडे पाहिलं. तुम्ही तरी सांगा, एकदा सांगा.

"बैठिए साहब, चाय मँगवाते हैं," ते म्हणाले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, पलीकडचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जी नहीं, हम अब काम नहीं करते. दामाद देख लेंगे."