हळूबाईंचे चार फटके

आमच्या वाचनालयात पहिल्या मजल्यावरच्या वाचनकक्षात ज्या बाई बसायच्या, त्यांना सगळे हळूबाई म्हणायचे. खुर्ची ओढली की "हळू", फोन घेतला की "हळू", दोघं हसले की "हळू". वाचकांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव एकोणीस वर्षांत असं मुरलं, की ग्रंथपालसाहेबसुद्धा एकदा रजेच्या अर्जावर तेच लिहून बसले होते.

मी खाली देवघेवीच्या खिडकीवर असते. माझ्याकडचा माणूस पुस्तक घेतो आणि दोन मिनिटांत जातो. वर येणारा दिवसभर बसतो. दिवसभर बसायला ज्याला दुसरी जागा नाही, त्याच्या डोक्यात काय शिजतंय हे वरच्या खोलीलाच कळायचं.

बाहेरच्यांना वाटतं, वाचनालय म्हणजे शांतता. माझा भाऊ दवाखान्यात जखमांची मलमपट्टी करतो. तो म्हणायचा, "ताई, मी तुमच्याकडेच बदली मागू का?" पेपर फाडू नका म्हणाला म्हणून आमच्या रखवालदाराचे पुढचे दोन दात एकानं जाडजूड शब्दकोश हाणून पाडले. जागा कुणाची यावरून एका बाईनं दुसरीच्या गालात पेन्सिल खुपसली. एकजण एके दिवशी उठला आणि भिंतीवर स्वतःचंच डोकं आपटायला लागला. आम्ही धरेपर्यंत चुन्यावर लाल ठसा उमटला होता. हळूबाईंची करंगळी कुणीतरी कपाटाच्या खणात चेपली होती. दुसऱ्या दिवशी त्या पट्टी बांधून वेळेवर हजर.

एकदा त्यांच्या रजेत मला वर बसायचं होतं, तेव्हा त्यांनी मला शिकवलं होतं.

"समोर उभं राहायचं नाही. समोर उभं राहिलं की त्याला भिंत वाटते. बाजूला उभं राहायचं. हात लावायचा नाही. आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे ऐकायला त्यालाही खाली यावं लागतं. आणि त्याच्या आणि दाराच्या मधे कधी यायचं नाही. मांजर कोंडलं तर तेसुद्धा नरडं धरतं."

"आणि तरी ऐकलं नाही तर?"

"मदत मागायची. 'साहेब, हा खंड जड आहे, जरा उचलता का?' माणूस ओझं उचलताना शिव्या देऊ शकत नाही. करून बघ."

मी बघितलं होतं. त्यांना ते साधायचं. गुरगुरत आलेला माणूस खंड फळीवर ठेवून धापा टाकत "आणखी काही?" विचारायचा. त्यांचे यजमान बस चालवायचे. ते म्हणायचे, "माझ्या गाडीत हिला एक दिवस बसवा, शहरातली भांडणं संपतील."

वरच्या नेहमीच्यांत एक मोजणीदार होता. जमीन मोजणीच्या खात्यातून काढून टाकलेला, पंचेचाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट. रोज दार उघडताच यायचा, नियमांची पुस्तकं काढायचा आणि समासात पेन्सिलीनं 'खोटं', 'खोटं' लिहायचा. आवाज चढला की हळूबाई बाजूला जाऊन उभ्या राहायच्या. तो त्यांना बाईसाहेब म्हणायचा. दोन वर्षं हे असं चाललं होतं.

त्याच्या मागच्या टेबलावर एक म्हातारे मास्तर बसत. कानाला यंत्र, तरी कमीच ऐकू यायचं. ते ओठ हलवत वाचायचे आणि त्यांना वाटायचं आपण मनात वाचतोय. प्रत्यक्षात खोलीभर ऐकू जायचं. बाकीच्यांना सवय झाली होती. मोजणीदाराला झाली नाही.

त्या दिवशी दुपारचे पावणेचार झाले असतील. मासिकांचं पार्सल आलं होतं म्हणून रखवालदार खाली माझ्याजवळ सही करत होता. वर काहीतरी पडलं. मग पुन्हा पडलं. दुसरा आवाज लाकडाचा नव्हता. रखवालदाराच्या दोन्ही हातांत गठ्ठे, म्हणून मी आधी जिना चढले.

वाचनकक्षाचं दार उघडंच होतं. मोजणीदारानं मास्तरांची मान मागून धरली होती आणि त्यांचं तोंड टेबलावर आपटत होता. एकेका शब्दाला एकेक आपटा. "मनात. वाच. मनात. वाच." मास्तरांचं कानातलं यंत्र वायरीला लोंबत होतं. पेपरवर रक्ताचे थेंब नव्हते, ओघळ होता. चाळीस माणसं भिंतीला चिकटून उभी होती. कुणी पुढे होईना.

हळूबाई मात्र त्याच्या बाजूला येऊन उभ्या होत्या. आवाज नेहमीचाच.

"साहेब, हा खंड मला उचलवत नाही. जरा हात देता?"

खरं सांगते, तो थांबला. मास्तरांची मान सुटली. त्यानं बाईंकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या खंडाकडे पाहिलं. एक श्वासभर मला वाटलं, जमलं. मग त्यानं उलट्या हातानं बाईंच्या तोंडावर मारलं. त्या कपाटावर जाऊन आदळल्या, चष्मा तुटला, ओठ फाटला. तो परत मास्तरांकडे वळला.

पेपर अडकवायचे आमचे दांडे सागाचे आहेत. हातभर लांब, टोकाला पितळी टोपण. बाईंनी खुंटीवरून एक ओढला आणि पेपरसकट त्याच्या मनगटावर हाणला. तो ओरडून वळला. दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला. फरशीवर पडून त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणाला, "बाईसाहेब, बास. बास."

बाईंनी तिसरा मारला. कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. मग त्यांनी दांडा दोन्ही हातांनी नीट धरला, पाय फाकवून उभ्या राहिल्या, आणि चौथा खांद्यावर घातला. पाचव्यासाठी हात वर गेला तेव्हा मी धावत जाऊन तो धरला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फाटलेल्या ओठावर रक्त होतं आणि त्यांचा चेहरा शांत होता. अगदी निवांत. मला आधीच्या सगळ्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"हळू," मी म्हणाले.

मास्तर वाचले. नाकाचं हाड आणि तीन दात गेले, एक कान कायमचा गेला. मोजणीदाराचं कोपर चुरलं होतं, खांद्याचं हाड दुभंगलं होतं. पोलीस आले, मग खात्याची चौकशी लागली. ग्रंथपालसाहेबांनी अहवाल स्वतः लिहिला: वाचकाचा जीव वाचवण्यासाठी कर्मचाऱ्यानं दोन फटके मारले. चाळीस साक्षीदारांनी मान डोलावली. काहींनी तर एकच म्हणून सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

बाईंचा जबाब सगळ्यात शेवटी होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. ओठाला टाके, त्यामुळे त्या वाटीतून पेज पीत होत्या. यजमान समजावत होते.

"अगं, दोन सांग. दोन खोटे नाहीत."

"खरे आहेत. पण चारातले दोन."

"त्यानं म्हाताऱ्याला मारून टाकलं असतं!"

"दोन फटक्यांत तो पडला होता. पडलेला माणूस कुणाला मारतो?"

"माझ्यावर कुणी हात टाकला तर मीही चार घालीन."

"तुम्ही घालणार नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं गाडी चालवताय. कितीदा कुणी कॉलर धरली, तुम्ही गाडी बाजूला घेऊन बसून राहिलात. मला ठाऊक आहे."

यजमान उठून गॅलरीत गेले. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिसरा मारताना मला बरं वाटलं गं. चौथा तर मी सावकाश मारला. एकोणीस वर्षं मी खालच्या आवाजात बोलले, आणि तो सगळा आवाज त्या दांड्यात होता."

मी वाटी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीत चार सांगितले. दोन उभा असताना, दोन पडल्यावर, हात जोडल्यासारखे डोक्यावर घेतले असताना. साहेबांनी खूण केली, खाकरले, पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या पाणी प्यायल्या आणि पुन्हा चारच म्हणाल्या. पाचव्या वेळी हात कुणी धरला हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "आपोआप थांबले," म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

सहा महिने निलंबन झालं. मग त्यांना तळघरात पाठवलं, जिथे जुनी मासिकं बांधून ठेवतात. लोक हळहळले. कुणी म्हणालं, कशाला हरिश्चंद्राचा अवतार घ्यायचा? वाचकांनी त्यांना परत वर बसवा म्हणून सह्यांचा कागद दिला. त्यावर पहिली सही मास्तरांची होती.

मोजणीदार दवाखान्यातून तुरुंगात आणि तुरुंगातून बहिणीच्या घरी गेला. बाईंनी पत्ता मिळवला. माफी मागायची म्हणून एका रविवारी सकाळी गेल्या. हे त्यांनी मला नंतर तळघरात, गठ्ठे बांधता बांधता सांगितलं.

दार बहिणीनं उघडलं. आत तो खिडकीशी बसला होता, पाठमोरा, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

"मी वाचनालयातली," बाई म्हणाल्या.

बहिणीनं त्यांना बाहेरच थांबवलं आणि दार मागे ओढून घेतलं. स्वतःच्या कपाळावरचे केस बाजूला केले. तिथे जुना, शिवलेला व्रण होता.

"हा त्याच हाताचा," ती कुजबुजली. "चौदा वर्षं वाट बघितली, कुणीतरी तो हात मोडेल म्हणून. आता त्याला चमचासुद्धा उचलवत नाही, मीच भरवते. आता मी घरात पाठ करून उभी राहू शकते." तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. सोडेचना.

"मी माफी मागायला गेले," हळूबाई मला म्हणाल्या, "आणि शाबासकी घेऊन आले. त्याच्याशी बोलताच आलं नाही. तिला काय सांगणार? तुझ्यासाठी नाही मारलं बाई, माझ्यासाठी मारलं?"

दीड वर्षानं साहेब स्वतः तळघरात उतरले. वर या म्हणाले, नवीन माणूस टिकत नाही, रोज एक तक्रार. बाईंनी सुतळीची गाठ मारली, दातांनी तोडली आणि म्हणाल्या, "नको साहेब. आधी मला वाटायचं, मी मारू शकत नाही, म्हणून मी तिथे बसू शकत होते."

साहेबांना कळलं की नाही, कोण जाणे. ते चष्मा पुसत वर गेले. पुढच्या सोमवारी वाचनकक्ष माझ्याकडे आला.

वर जाण्याआधी मी तळघरात गेले. किती दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकायचं होतं.

"बाई, मी चौकशीत खोटं बोलले. सगळं संपल्यावर पोचले म्हणाले."

"हो. वाचलं मी ते."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मी माझे फटके मोजले. तुझं खोटं मी कशाला मोजू? तुझं तू बघ." त्यांनी मासिकांचा एक गठ्ठा माझ्या हातांवर ठेवला. चांगलाच जड होता. "हा त्या कोपऱ्यात ठेव. आणि मग जा, पावणेदहा झालेत, लोक दारात उभे असतील."